लातूरचा न झालेला पंचनामा



मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात विहिरीत प्रेत तरंगताना दिसले की पुढे काय घडते, हे कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको. पोलीस पाटील ठाण्यावर वर्दी देतो. फौजदार येतो, पंच बोलावले जातात, प्रेत बाहेर काढून बाजेवर ठेवले जाते आणि कागदावर मजकूर उतरू लागतो. अंगावर कपडे कोणते, जखमा किती, त्या कोणत्या हत्याराने झाल्या असाव्यात, मरणाचे सकृद्दर्शनी कारण काय. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १७४ वे कलम हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १९४ वे कलमही हेच सांगते. मुंबई शहरात या कामासाठी १८७१ च्या कायद्याने कोरोनर हा स्वतंत्र अधिकारी नेमला जात असे. ते पद १९९९ मध्ये गेले. खेड्यांना कोरोनर कधीच लाभला नाही. त्यांच्या वाट्याला फौजदार आणि दोन ‘प्रतिष्ठित रहिवासी’ एवढेच आले. गावात प्रतिष्ठित कोण, हे कायदा सांगत नाही. ते गाव ठरवते, आणि गावात ठरवणारे कोण असतात हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तरीही या कागदामागे एक मोठे तत्त्व आहे. मेलेला माणूस कितीही फाटका असो, त्याचे मरण हे राज्यसंस्थेला जाब विचारणारे मरण आहे, असे तो कागद मान्य करतो. प्रश्न असा की, एका विहिरीत एक प्रेत सापडले तर जे राज्य पंच बोलावते, ते अनेक विहिरींत अनेक प्रेते सापडली तर काय करते? याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. ते लातूरमध्येच आहे.

१९४८ साली लातूर हा जिल्हा नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातील ते एक तालुक्याचे गाव होते. परंतु गाव म्हणावे असे त्याचे रूप नव्हते. निजामी राज्यातील ती मोठी व्यापारपेठ होती आणि पेठेत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचा दबदबा होता. याच लातुरात कासीम रझवी वकिली करीत असे. रझाकारांचा हा नेता पुढे हैदराबादला गेला आणि त्याच्या संघटनेने जो हैदोस घातला त्याची आठवण मराठवाड्यातील घराघरांत आहे. गावोगाव दरमहाची खंडणी बसवायची. दिली तर ठीक, अडवली तर लूट, जाळपोळ, खून, स्त्रियांवर अत्याचार, अशी ती रीत होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला तो या जुलमाविरुद्ध आणि त्या जुलमाला पाठीशी घालणाऱ्या सरंजामी सत्तेविरुद्ध होता. त्या लढ्याचे मोल कोणत्याही हिशेबाने कमी होत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. पाठ्यपुस्तक येथे संपते. लातुरात मात्र यानंतर जे सुरू झाले ते वीस दिवसांहून अधिक काळ चालले.

ही माहिती कोणा शत्रुराष्ट्राच्या प्रचारपत्रकातील नाही. पंडित जवाहरलाल नेहरूंच्या सरकारने जी सदिच्छा समिती हैदराबादला पाठविली तिच्या अहवालातील आहे. समितीचे प्रमुख पंडित सुंदरलाल. इंग्रजी राजवटीवरील ज्यांचा ग्रंथ सरकारने जप्त केला होता, ते हे गांधीवादी गृहस्थ. त्यांच्यासमवेत काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समितीने संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला, लहानमोठी गावे पाहिली आणि जेथे जाता आले नाही अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक लोकांच्या हकीकती ऐकल्या. लातूरविषयी तिने लिहिले ते असे: गावात मुसलमानांची वस्ती सुमारे दहा हजार होती, समितीला तेथे जेमतेम तीन हजार दिसले. एक हजाराहून अधिक मारले गेले होते. उरलेले जीव घेऊन पळाले आणि धुळीस मिळाले.

उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून मृतांची संख्या अठरा हजारांहून कमी नाही, असे समितीचे मत पडले. औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक येथे किमान पाच हजार. संपूर्ण संस्थानात, अगदी सावध अंदाजाने, सत्तावीस ते चाळीस हजार. विहिरी प्रेतांनी भरलेल्या समितीने पाहिल्या. एका विहिरीत सदस्यांनी स्वतः अकरा प्रेते मोजली, त्यांत एक स्त्री होती आणि तिच्या छातीशी तिचे लेकरू होते. कित्येक ठिकाणी जळालेली हाडे तशीच पडलेली होती.

दौरा सुरू झाला तेव्हा शरणागतीला दहा आठवडे उलटून गेले होते. म्हणजे दहा आठवडे ती प्रेते विहिरीत होती आणि मेजर जनरल चौधरींच्या लष्करी राजवटीतील कोणाही अधिकाऱ्याला, कोणाही माली पाटलाला किंवा पोलीस पाटलाला, पंच बोलवावेसे वाटले नव्हते.

समितीने दोष कोणावर ठेवला, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. काही ठिकाणी लष्कर आणि पोलीस यांतील माणसे लुटीत, आणि त्याहून वाईट गोष्टींत, सामील झाल्याचे तिने नोंदविले. सोलापूरच्या बाजूने आलेल्या सशस्त्र जातीय टोळ्यांचाही तिने उल्लेख केला. मात्र त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्याने ती पाठ करून ठेवावी इतकी ती महत्त्वाची आहे. शेजाऱ्यांना वाचविण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारे हिंदूही समितीला भेटले, आणि ही आपुलकी एकाच धंद्यातील माणसांमध्ये विशेष दिसली. बाहेरून आलेल्या हिंदूंपासून हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, काहींनी त्यापायी प्राणही दिले. पळविलेल्या स्त्रियांना परत आणण्याच्या कामीही अनेक हिंदूंनी साहाय्य केले. मागाच्या खड्ड्यात बसणाऱ्या माणसाला जे कळले ते पेढीवर बसणाऱ्यांना का कळले नाही, याचा विचार अभ्यासवर्गांतून व्हावयास हवा.

अहवालाचे पुढे काय झाले? सरदार पटेलांना तो रुचला नाही आणि सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. त्यातील भाग १९८८ मध्ये उमर खालिदी यांनी संपादित केलेल्या पुस्तकातून बाहेर आले. दिल्लीतील तत्कालीन नेहरू स्मारक ग्रंथालयातील प्रत अभ्यासकांना पाहावयास मिळू लागली ती २०१३ च्या सुमारास. तोवर लातुरातील दोन पिढ्या हा विषय दबक्या आवाजात बोलत आल्या किंवा बोललीच नाहीत.

आता एक विरोधाभास पाहा. कासीम रझवी पकडला गेला, त्याच्यावर खटले चालले, वकील मिळाले, बीबीनगरच्या दरोडा प्रकरणात शिक्षा झाली, ती भोगून १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. हे योग्यच झाले. कायद्याचे राज्य असेच चालावे. पण हजारोंच्या जुलमाला जबाबदार असलेल्या लातूरच्या एका वकिलाला जी प्रक्रिया मिळाली, ती त्याच लातूरच्या हजारभर मृतांना मिळाली नाही. त्यांत हमाल होते, दुकानदार होते, बायाबापड्या होत्या. रझवीच्या पापाचा हिशेब ज्यांच्याकडून वसूल झाला त्यांपैकी कितीजण रझाकार होते, हे विचारणारी चौकशीच झाली नाही. रझाकारांनी मारलेल्या शेतकऱ्यांची आणि सत्याग्रहींची गावनिहाय, नावनिशीवार मोजदादही अशीच अपुरी राहिली. हुतात्मा स्मारके उभी राहिली, तेवढ्यावर समाधान मानले गेले.

नाव असण्याने काय फरक पडतो, हे शेजारच्या नांदेड जिल्ह्याने दाखविले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्ट रोजी टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांचा अमानुष खून झाला. त्यांचे नाव सोळा वर्षे प्रत्येक मोर्चात घेतले गेले, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हाही ते घेतले गेले. १९४८ च्या लातूरमधील मृतांपैकी एकाचे तरी नाव आज चौकात कोणाला सांगता येईल काय?

यंत्रणा नव्हती, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली हजारो माणसे, वरून पाऊस, सामुदायिक चिता. तशा अवस्थेतही याच जिल्ह्यात मृतांच्या याद्या झाल्या आणि वारसांना मदत मिळाली. भूकंपाला जात नसते, म्हणून त्याचे मृत मोजणे सोपे जाते, एवढाच याचा अर्थ.

‘जुन्या जखमा कशाला उकरता’, असा प्रश्न १७ सप्टेंबरच्या आसपास हमखास येतो. तो विचारणाऱ्यांपैकी काहीजण रझाकारांच्या जखमा मात्र दरवर्षी, विशेषतः निवडणुकीच्या वर्षी, अगत्याने उकरतात. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच हे काम हाती घ्यावे, कारण त्यांना या सत्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

हे काम आता साक्षीदारांच्या भरवशावर होणार नाही. १९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या पलीकडे आहे. जे हयात असतील त्यांच्याकडे, दोन्ही समाजांतील, याच वर्षी जावयास हवे. बाकी आधार कागदांचा. कब्रस्तानांच्या नोंदवह्या, मशिदींचे आणि पेढ्यांचे हिशेब, शाळांची दाखलखारीज रजिस्टरे, आणि महसूल खात्यातील खासरा पाहणी पत्रक. मराठवाड्यातील जमिनीचा प्रत्येक जुना दावा ज्याच्याशी येऊन थांबतो ते हे पत्रक १९५४-५५ चे, म्हणजे घटनेनंतर अवघ्या सहासात वर्षांचे आहे. निजामी काळातील नोंदी त्याच्या शेजारी ठेवून औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या तालुक्यांत गावनिहाय पाहिले, तर मधल्या काळात कोणती नावे गळाली आणि त्या जमिनी पुढे कोणाच्या नावावर चढल्या, हे तलाठ्याच्या दप्तरातूनच दिसू लागेल.