बुद्धिमापन : उपयोग आणि मर्यादा



१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिचाचणी सिद्ध केली, ती हुशारांना वेचण्यासाठी नव्हे, तर वर्गात मागे पडणाऱ्यांना साहाय्य मिळावे म्हणून. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी तीच चाचणी कन्नड व मराठी मुलांवर पडताळून तिच्यात योग्य ते फेरफार केले. १९४० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ भाषांतराने भागत नाही, हे त्यांनी जाणले होते.

आपल्या बालाघाट जिल्ह्यात घरी गोंडी वा पोवारी बोलणाऱ्या बालकाला प्रश्न हिंदीत विचारले जातात. त्याचे मौन मंदपणा मानले, तर ती परीक्षा बुद्धीची न राहता भाषेची होते. म्हणून गुणांकावरून मुलाला कोणते साहाय्य हवे ते शोधावे. त्याची योग्यता ठरवू नये, एवढीच माझी विनंती आहे.