तीन चाकांची हवा

(शिरूर येथे बचतगटाच्या महिलांच्या मेळाव्यात एका तीनचाकी चालक मैत्रिणीने केलेले भाषण. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी ताईंना विचारलं, कशावर बोलू? त्या म्हणाल्या, तुझ्या अनुभवावर बोल. मी म्हटलं, माझा अनुभव म्हणजे टायरमधली हवा! त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग हवेवरच बोल. तर आज मी हवेवर बोलणार आहे. सकाळपासून इथं हक्कांच्या गोष्टी चालल्यात. माझी गोष्ट त्यात बसते की नाही, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

मी सीटा भरायची तीनचाकी चालवते. शिरूरहून न्हावरे, तिथून पारगावला भीमेचा पूल ओलांडून केडगाव-चौफुला. कधी रेल्वेच्या वेळेला दौंडपर्यंत जाते. मालक वारले त्यानंतर गटाचं कर्ज काढून ही गाडी घेतली. गाडी माझ्या नावावर, हप्ता माझा, पण पहिली दोन वर्षं चालवायचे ते चुलत दीर. मी खुरपणीला जायची आणि हप्ता भरायची. संध्याकाळी ते जे हातावर ठेवतील ते घ्यायचं. डिझेल किती, कमाई किती, काही विचारायची सोय नव्हती. शेवटी मी शिकले, लायसन काढलं आणि हँडल हातात घेतलं.

पण मी चालवायला लागले तशी गाडी डावीकडं ओढायला लागली. सरळ रस्त्याला हँडल सोडलं की गाडी साइडपट्टीकडं जायची. दिवसभर हँडल उजवीकडं दाबून धरून संध्याकाळी मनगटं सुजायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा, बाईचा हात आहे, ताकद कमी पडते. एका गॅरेजात सांगितलं, ताई, तुम्ही हँडल फार घट्ट धरता. स्टॅन्डवरचे हसायचे. आणि खरं सांगू का, मलाही ते पटलं होतं. वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. बाईमाणसाला हे पटायला वेळ लागत नाही. लहानपणापासून आपण तेच ऐकत असतो.

कांदाकाढणीचे दिवस होते. पहाटे मजुरीच्या बाया घेऊन निघाले होते, माझ्या जाऊबाई पण त्यात होत्या. न्हावऱ्याच्या अलीकडं उजवं वळण आहे. वळणातच कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि गाडी डाव्या अंगावर गेली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. खरचटलं, मुका मार लागला. जाऊबाईंचं मनगट मात्र मोडलं.

रात्री घरात बैठक बसली. मामा म्हणाले, गाडी विकून टाक, नाहीतर पोरांच्या ताब्यात दे. कुणी रागावून बोललं नाही, तेच जास्त लागलं. मी पण मान खाली घालून हो म्हटलं.

दोन दिवसांनी गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून मी गाडी धुवायला काढली. सारवलेलं सपाट अंगण आमचं. तरी गाडीतलं सगळं पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन साचलं. पुसलं तरी पुन्हा तिथंच. मी लांब जाऊन बघितलं, तर गाडी डावीकडं कलून उभी होती. पंक्चरच्या दुकानात गेले. त्यानं टायरला लाथ मारली, अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाला, हवा आहे की ताई! मी विचारलं, किती आहे? तो म्हणाला, बरोबर आहे. किती, ते त्याला सांगता येईना, कारण त्यानं मोजलंच नव्हतं. त्याच्या दुकानातल्या गेजचा काटा तुटलेला होता. आठवड्याला मी तिथंच पैसे देऊन हवा भरत होते.

मग शेळीच्या दुधाच्या पैशातून मी स्वतःचा गेज आणला. पेनाएवढी वस्तू आहे ती. गाडीबरोबर जे पुस्तक मिळालं होतं ते पत्र्याच्या पेटीत होतं, कुणी उघडलं नव्हतं. पोरीकडून वाचून घेतलं. पुढं ३० पॉइंट, मागं दोन्हींना ३४. माझ्या गाडीत निघाली पुढं २६, मागं उजव्यात ३५ आणि डाव्यात १९!

डाव्यात ३४ भरली आणि वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ३१. तिसऱ्या दिवशी २८. पंक्चर नव्हतं. साबणाचा फेस लावला तर वॉल्व्हच्या तोंडाशी बारीक बुडबुडा यायचा. आतली पिन खराब होती. चहाच्या पैशात पिन बदलली. गाडी सरळ चालायला लागली आणि माझी मनगटं दुखायची थांबली.

ती वही मी मामांच्या पुढं ठेवली. म्हटलं, हे आकडे बघा आणि मग विकायचं का ते सांगा. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता माझी चूक पण सांगते, नाहीतर ही गोष्ट अर्धी राहील. गाडीला परवाना तीन सीटांचा, त्या दिवशी आत सातजणी होत्या. वेळ झाला म्हणून मी वळणाला जोरातच होते. म्हणजे दोष एकट्या हवेचा नव्हता. सात माणसं बसवायची आणि हवा बरोबर ठेवायची, असं चालत नाही. तेव्हापासून मी सीटा कमी घेते. कमाईला फटका बसतो, तो सोसते.

तीनचाकीला हवेचं एवढं का, ते समजून घ्या. चार पायांचा पाट आणि तीन पायांची तिवई. पाटाच्या कोपऱ्यावर हात टेकला तर तो हलत नाही. तिवईच्या दोन पायांच्या मधे, कडेला भार दिला की ती उलटते. आपल्या गाडीला पुढं एकच चाक. वळणात ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं आणि बाहेरच्या बाजूला जातं, आणि नेमकं त्या कोपऱ्यात चाकच नसतं. उजव्या वळणाला बाहेरची बाजू म्हणजे डावी. त्याच बाजूचा मागचा टायर मऊ असला तर तो दबतो, गाडी आणखी कलते आणि उलटायला निमित्त मिळतं. सरळ रस्त्यालाही मऊ चाक जड चालतं, म्हणून गाडी त्या बाजूला ओढते. म्हणून मागच्या दोन्ही चाकांत सारखी हवा हवी. नुसती पुरेशी असून भागत नाही.

करायचं काय, ते सांगते. ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांनी लिहून घ्या.

हवा सकाळी, गाडी काढायच्या आधी मोजायची, टायर थंड असताना. चालल्यावर टायर तापतो, आतली हवा फुगते आणि गेज तीन-चार पॉइंट जास्त दाखवतो. ते बघून हवा सोडायची नाही. सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरते. हवामानाचंही तसंच. पाच-सहा अंश गारठा वाढला की साधारण एक पॉइंट उतरतो. उन्हाळ्यात भरलेली हवा थंडीत पुरत नाही.

आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातला घ्यायचा, शेजाऱ्याच्या गाडीचा नाही. मालाच्या गाडीचा वेगळा, सीटांच्या गाडीचा वेगळा. काही ठिकाणी आकडा किलोत लिहितात. एक किलो म्हणजे चौदा पॉइंटाच्या थोडं वर.

टायरची झीज बघायची. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते, मधला पट्टा झिजला तर जास्त. ‘जरा जास्तच भर’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. जास्त हवेनं गाडी उड्या मारते, टायर रस्त्याला कमी टेकतो आणि ब्रेक नीट लागत नाही. कमी हवेनं टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि एक दिवस फुटते. डिझेलही जास्त जातं. विजेच्या रिक्षावालीचं चार्जिंग लवकर उतरतं.

वॉल्व्हची टोपी हरवू द्यायची नाही, आपल्याकडच्या धुळीनं पिन खराब होते. ऊसतोडीच्या रस्त्यानं गेलं की बाभळीचा काटा बघायचा. आणि स्टेपनी मोजायला विसरायचं नाही. लागते तेव्हाच ती बसलेली निघते.

आमच्या ताईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगते. हवेचा टायर ज्यांनी चालू केला ते डनलप, बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर. त्यांनी तो पहिल्यांदा बसवला आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला, आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच साली जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, त्यानंच बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन सुमारे शंभर किलोमीटर गेली. ती मोटारही तीनचाकीच होती. वाटेत तेलाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्याला चामडं लावून घेतलं. तिच्या हाताला ताकद कमी पडते असं कुणी म्हणालं असेल का? म्हणालं असेलही. ती पोचली.

लांब कशाला जायचं? मी रोज केडगावला जाते. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात शंभर वर्षांपूर्वी टाकलेल्या, विधवा बाया खिळे जुळवून छापखाना चालवत होत्या. आणि परभणीहून आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवायला सुरुवात केली. देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून त्यांचं नाव घेतात.

आता २०२४ साली सरकारनं पिंक ई-रिक्षाची योजना आणली. वीस टक्के सरकारचे, दहा टक्के आपले, बाकी सत्तर टक्के बँकेचं कर्ज. चांगली गोष्ट आहे, ज्यांना जमेल त्यांनी घ्यावी. पण बायांनो, नावावर गाडी आली म्हणजे गाडी आपली झाली असं नाही. माझ्या नावावर दोन वर्षं गाडी होती आणि तिच्यात हवा किती, हे मला माहीत नव्हतं. सातबाऱ्यावर नाव लागतं आणि विहिरीच्या मोटारीचं बटण दुसऱ्याच्या हातात असतं, त्यातलाच हा प्रकार. कर्ज आपल्या अंगठ्यावर असेल तर पुस्तक आपणच उघडलं पाहिजे. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. आणि कुणी म्हणालं ‘बरोबर आहे’, तर विचारा, किती?

जाऊबाईंचं मनगट अजून थंडीत दुखतं. त्या आजही माझ्याच गाडीनं कामाला येतात. बसायच्या आधी म्हणतात, वही दाखव. मी दाखवते. तीन आकडे असतात, त्या दिवशीच्या तारखेचे.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. जेवणाची सुट्टी झाली की या. गेज माझ्याकडं आहे, ज्यांना शिकायचंय त्यांनी आपल्या हातानं मोजून बघा.