विद्यार्थ्यांचे अपघात : अनुग्रह की हक्क?



गुणगौरवाच्या दिवशी अपघाताचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरात शिकणारे पहिलेच लेकरू आहे, त्या घराला लेकराचा मोडलेला हात दहा वर्षे मागे नेतो. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. आता मला असे विचारायचे आहे, की राज्य मुलाला शाळेत आणते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते आई-बापाच्या नजरेआड असते, तर तेथे त्याला इजा झाल्यास खर्च कोणी सोसायचा?

कामगाराच्या बाबतीत हा प्रश्न १९२३ सालीच सुटला. कामावर असताना कामामुळे इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यावी असा कायदा त्या साली झाला. जर्मनीने १९७१ साली शाळकरी मुलांनाही सरकारी अपघात विम्यात घेतले. घरापासून शाळेपर्यंतचा रस्तासुद्धा त्यात धरला आणि हप्ता पालकांवर टाकला नाही. आपल्या महाराष्ट्रात राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना २००३ साली आली. आधी ती विमा कंपनीमार्फत चाले. पुढे विमा बंद होऊन शासन स्वतः सानुग्रह अनुदान देऊ लागले. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. कामगाराला हक्क आणि विद्यार्थ्याला कृपा, हा भेद मला आजही खटकतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. दहा-अकरा वर्षांपूर्वीची आहे. आमच्या ओळखीच्या घरातील आठवीतली मुलगी मधल्या सुट्टीत मैदानात उभी होती. पोरे चिंचा पाडायला दगड मारत होती. त्यातला एक दगड तिच्या उजव्या डोळ्यावर बसला. गुरुजींनी तातडीने रिक्षा आणली, तिला दवाखान्यात नेले, खिशातले पैसेही भरले. माणूस वाईट नव्हता. पण वाटेत त्यांनी बापाला सांगितले, "घरी पायरीवरून पडली म्हणून लिहा. नाहीतर पोलीस येतील, शाळेचे नाव जाईल, त्या पोरांचेही वाटोळे होईल." बाप एमआयडीसीत फाउंड्रीत कंत्राटी कामाला. त्याने मान डोलावली. केसपेपरवर तसेच लिहिले गेले.

डोळा गेला. मिरजेच्या फेऱ्या झाल्या, उसनवारी झाली. चार-पाच महिन्यांनी मला या योजनेची माहिती लागली. मी जन्मभर शिक्षकाची नोकरी केलेला माणूस, आणि मलाच ती इतक्या उशिरा कळावी! एक डोळा निकामी झाल्यास तेव्हा ३० हजार रुपये मिळत. आम्ही अर्ज केला. पण केसपेपर म्हणतो घरी पडली, अर्ज म्हणतो शाळेत दगड लागला, आणि पंचनामा तर नाहीच. प्रस्ताव त्रुटी काढून परत आला, तो परतच राहिला. हातात भट्टीचा चटका बसला तर कोणत्या कायद्याने पैसे मिळतात, हे त्या बापाला पक्के ठाऊक होते. लेकीसाठी काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

२०२२ च्या शासन निर्णयाने रकमा वाढल्या. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास दीड लाख. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास एक लाख. एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास ७५ हजार. खेळताना, शाळेत जड वस्तू अंगावर पडून, आगीने किंवा विजेच्या धक्क्याने जखमी झाल्यास दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च, कमाल एक लाखापर्यंत. सर्पदंशाने वा पोहताना मृत्यू आला तरी दीड लाख. दूधगंगेच्या काठच्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मृत्यूच्या बाबतीत पैसे प्रथम आईला मिळतात, आई नसेल तर वडिलांना. ही तरतूद मला फार आवडली. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. मोडलेली सायकल, फुटलेला चष्मा, फाटलेली पुस्तके यांचा मात्र त्यात विचार नाही. गरिबाच्या घरी चष्मा म्हणजे काय, हे नियम करणाऱ्याला कुठून कळावे?

सगळे अडते ते कागदावर, आणि तो कागद पहिल्याच दिवशी होतो. दवाखान्यात डॉक्टरांना घडले तेच सांगा. पोलिसांत नोंद करा, घटनास्थळाचा पंचनामा करून घ्या. दवाखान्याची बिले जपा. अपंगत्वाच्या दाखल्यावर सिव्हिल सर्जनची सही लागते. पोलीस आले म्हणजे त्या पोरांना तुरुंगात टाकतात, ही भीती खोटी आहे.

आता शाळेचाच निष्काळजीपणा असेल तर? अनुदान म्हणजे निष्काळजीपणाची भरपाई नव्हे. ती वेगळी मागता येते. १९९५ साली पंजाबातील पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि १४ मुले बुडाली. उच्च न्यायालयाने प्रत्येक घराला पाच लाख रुपये देवविले, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. सोबतच्या शिक्षकांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी शाळाचालकांवर येते, असे न्यायालय म्हणाले. सहलीच्या संमतिपत्रावर सही केली म्हणजे सगळे हक्क गेले, असे समजू नका.

आणि आपला रस्ता! पुणे-बेंगळुरू महामार्ग ओलांडून, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेने आपली मुले शाळेला जातात. वाहनाच्या धडकेची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे मागायची, शक्य तो सहा महिन्यांच्या आत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चूक सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. वाहन पळून गेले तरी नोंद सोडू नका. त्यासाठीही मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपयांची तरतूद आहे.

ती मुलगी पुढे शिकली. एका डोळ्याने अभ्यास करून बारावी झाली. आज तिला येथे बोलवावे असे मनात होते, ती नको म्हणाली. कोणत्या प्रसंगी कोणते कागद लागतात, ते एका पानावर लिहून मी त्याच्या पन्नास झेरॉक्स काढून आणल्या आहेत. सभा संपल्यावर दाराशी ठेवतो. ज्या आयांना वाचता येत नाही त्यांनी जरा थांबावे, मी वाचून दाखवीन.