शेवटच्या गड्याचा वेग



सायकलीवर अंथरूण बांधून एका रात्रीच्या मुक्कामाला जाणे हा रिकामटेकड्यांचा शौक, असे म्हणणारे आम्हांला भेटतात. पण १८९४ साली बर्मिंगहॅमच्या समाजवादी तरुणांनी ‘क्लॅरियन’ या साप्ताहिकाच्या नावाने सायकल-मंडळ काढले. पुढल्याच वर्षी ईस्टरच्या सुटीत निरनिराळ्या गावांची मंडळे अ‍ॅशबर्नला मुक्कामास जमली. सुटी होती, म्हणून मुक्काम झाला.

नवख्यांना आम्ही तीनच गोष्टी सांगतो. पहिला मुक्काम तीस-चाळीस किलोमीटरांवरच ठेवा. ओझे पाठीवर नको, कॅरियरला घट्ट बांधा. जड जिन्नस खाली. आणि तांड्याचा वेग शेवटचा गडी ठरवील; सराईताने पंप व पंक्चरचे सामान घेऊन त्याच्याही मागे राहावे. युनियन याहून निराळी कुठे चालते?

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. आज घरोघर जिन्नस पोचवणाऱ्या कित्येकांपाशी दुचाकी आहे. हक्काचा रविवार नाही. आपल्या तांड्यातला शेवटचा गडी तोच. तो येऊन पोचल्यावाचून आपला मुक्काम पुरा झाला, असे आम्ही मानीत नाही.