नाबोथाचा द्राक्षमळा आणि ग्रामसभेचा ठराव

(आदिवासी सेवाकार्याला साहाय्य करणाऱ्या मंडळ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या कामाला अनेक वर्षे मदत करणाऱ्या एका काकांनी मला विचारले, "शाळा, वसतिगृह, आरोग्य शिबिरे हे समजते. पण तुम्ही वाडीवाडीत बसून ग्रामसभेचा कायदा का वाचून दाखवता? हे राजकारण नाही का?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून आज त्याचेच उत्तर देतो.

आपण आता १ राजे अध्याय २१ वाचला. अहाब राजाने नाबोथाला काय सांगितले ते लक्षात घ्या. तुझा मळा मला दे, मी तुला याहून चांगला मळा देतो किंवा रोख किंमत देतो. वरवर पाहता व्यवहार रास्त होता. तरी नाबोथ नाही म्हणाला, कारण ते त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. जमीन परमेश्वराची आहे, आपण तिच्यावर उपरे आहोत, ही लेवीय २५ ची शिकवण त्याच्या मनात होती. पुढे ईजबेलीने गावातील वडिलांना पत्रे पाठवली आणि त्या वडिलांनी सांगितल्याप्रमाणे केले. मला या कथेत सर्वांत जास्त हेच बोचते. राजा लोभी होता, पण त्या पत्राला "नाही" म्हणणारी गावची सभा असती तर नाबोथ वाचला असता.

आता आपल्या काळाकडे येऊ. १४ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. मार्ग सुमारे ५०८ किलोमीटरचा, त्यातील सुमारे १५६ किलोमीटर आपल्या महाराष्ट्रात. तो पालघर जिल्ह्यातील वारली आणि इतर आदिवासी बांधवांच्या शेतांतून, पाड्यांतून जातो. जिल्ह्यात थांबे दोनच, विरार आणि बोईसर. डहाणू-तलासरीच्या पाड्यातली बाई भाजीची पाटी घेऊन त्या गाडीत बसणार नाही, हे तिलाही ठाऊक होते. तेथील अनेक ग्रामसभा भरल्या आणि त्यांनी विरोधाचे ठराव केले.

त्यांना हा अधिकार कोणी दिला? आपल्याच संसदेने. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करावी. २०१३ चा भूसंपादन कायदा तर अशा क्षेत्रात पूर्वसंमतीची भाषा करतो. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १२ ग्रामसभा झाल्या. बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो मानला गेला.

पालघरमध्ये तसे झाले नाही. तेथे मोठ्या प्रमाणावर थेट खरेदी झाली. म्हणजे सभेला बाजूला ठेवून एकेका खातेदाराशी व्यवहार. ज्यांनी जमीन दिली त्यांना मी दोष देत नाही. घरात आजार आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि समोर धनादेश आहे, अशा माणसाला आपण काय शिकवणार? पण ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, ज्याचा वनहक्काचा दावा अजून कार्यालयात पडून आहे, त्याच्याशी व्यवहार करायला कोण येणार? त्याचा आवाज फक्त सभेत असतो. जमीन मिळवण्याची मुदत डिसेंबर २०१८ ची होती. महाराष्ट्रातील संपादन पूर्ण झाल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. उशिराची कारणे अनेक होती, पण लोकांनी प्रश्न विचारले हेही त्यातले एक. आज तेथे खांब उभे राहत आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये ठाणे महापालिकेच्या सभेनेही याच गाडीसाठी शीळ येथील जागा देण्याचा प्रस्ताव फेटाळला होता. शहराची सभा नाही म्हणाली की तो सभागृहाचा निर्णय होतो. पाड्याची सभा नाही म्हणाली की ते विकासाला अडथळा ठरतात. हा दुजाभाव आपण तरी करू नये.

मी रेल्वेच्या विरोधात नाही. नगर-बीड-परळी मार्गासाठी लोकांनी किती वर्षे वाट पाहिली हे आपण जाणता. २०२२ मध्ये नगर ते आष्टी गाडी धावली तेव्हा सर्वांनाच आनंद झाला. पुणे-नाशिक रेल्वे आपल्याकडून जावी म्हणून संगमनेर-अकोल्याचे लोक आग्रह धरत आहेत. गाडी कोणाला हवी, कोठून हवी, हे लोकच सांगतात. मग नको असेल तर तेही त्यांनीच सांगायचे ना?

आपल्या अकोले तालुक्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्या पाण्यावर खाली प्रवरेकाठी ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. वर धरणाकाठच्या वाड्यांतील महादेव कोळी आणि ठाकर बायाबापड्या मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन चालतात. तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. विचारावे असा कायदाही नव्हता. आज कायदा आहे, पण तो वाडीपर्यंत पोहोचला नाही, तर नसल्यासारखाच.

म्हणून आमचे कार्यकर्ते वाडीत बसून कायदा वाचतात, सातबारा समजावतात, वनहक्काचे अर्ज भरून देतात आणि बायांना सभेत पुढच्या रांगेत बसायला सांगतात. ठराव काय करावा हे आम्ही सांगत नाही. तो त्यांचा अधिकार आहे. ग्रामसेवकाने लिहिलेला ठराव सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्या, एवढेच सांगतो.

काकांना माझे उत्तर असे की, हे राजकारण असेल तर एलीयाने नाबोथाच्या मळ्यात जाऊन अहाबाला जाब विचारला तेही राजकारणच होते. फरक इतकाच की एलीया पोहोचला तेव्हा नाबोथ मेला होता. आपल्याला त्याआधी पोहोचायचे आहे.

आपली देणगी या कामाला लागते. आपल्या प्रार्थनेत तीन गोष्टी ठेवा: पालघरमधील विस्थापित कुटुंबे, वनहक्काच्या दाव्यांची वाट पाहणारे आपले आदिवासी बांधव आणि गावोगावच्या सभांत पहिल्यांदाच हात वर करून बोलणाऱ्या भगिनी. प्रभू त्यांना धैर्य देवो आणि आपल्याला त्यांच्या शेजारी बसण्याची नम्रता देवो. आमेन.