प्राणवायू, किरणोपचार आणि संशोधनाचा धीर

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात राष्ट्रीय विज्ञानदिनी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मी भाषेची शिक्षिका. आजचा विषय मला आपल्याच शाळेतील एका मुलीच्या आईने दिला. गेल्या वर्षी त्यांच्यावर किरणोपचार चालू होते. एकदा त्या म्हणाल्या, "बाई, उपचार किरणांचे; मग डॉक्टर दर आठवड्याला माझ्या हिमोग्लोबिनची एवढी चौकशी का करतात?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, ते आज सांगते.

1909 साली व्हिएन्नातील गॉटवाल्ड श्वार्ट्झ यांच्या लक्षात आले, की रेडियमचे साधन त्वचेवर घट्ट दाबून धरले तर त्वचेला होणारी इजा कमी होते. दाबामुळे तेथील रक्तप्रवाह मंदावत होता. 1921 साली होल्टहुसेन यांना जंतांच्या अंड्यांवरील प्रयोगात दिसले, की प्राणवायू नसेल तर ती अंडी किरणांना अधिक दाद देत नाहीत. ही निरीक्षणे पुढे बरीच वर्षे मागे पडली.

त्यांना खरे महत्त्व आले ते 1953 साली. इंग्लंडमधील लुई हॅरॉल्ड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्राणवायूविना असलेल्या पेशी मारण्यास सुमारे अडीच ते तीनपट किरणमात्रा लागते. किरण पेशीतील रेणू तोडतात. प्राणवायू तेथे असेल तर ती मोडतोड पक्की होते, नसेल तर पेशी ती बरीचशी सांधून घेते. 1955 साली थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसातील गाठींचे छेद तपासले. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर प्राणवायू संपतो आणि त्यापलीकडे पेशी मृत आढळतात. या सीमेवर अर्धवट गुदमरलेल्या, तरीही जिवंत पेशी उरतात. किरणांतून निसटतात त्या याच.

मग उपाय सोपा वाटला : रुग्णाला भरपूर प्राणवायू द्यावा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णांना तिप्पट वायुदाबाच्या बंद कोठडीत ठेवून किरण दिले. काही कर्करोगांत लाभ दिसला; पण ही पद्धत अवघड आणि त्रासदायक असल्याने मागे पडली. 1970 च्या दशकात प्राणवायूचे काम करणारे मिसोनिडाझोल हे औषध आले. त्याने मज्जातंतूंना इजा होऊ लागली. अखेर डेन्मार्कमध्ये निमोराझोल या सौम्य औषधाने घशाच्या कर्करोगात रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण 33 टक्क्यांवरून 49 टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला 1998 साली. आपल्याकडे मुंबईच्या नानावटी रुग्णालयातही सॅनाझोल या अशाच औषधाचा अभ्यास झाला.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्या तिरुवल्लिकेणीपासून अडयार किती दूर? डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कर्करोगाने गेली. त्या दुःखातून त्यांनी 1954 साली तेथे कर्करोग संस्था उभी केली. आरंभी खाटा होत्या बारा. डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. शांता यांनी तेथे कोबाल्टचे यंत्र आणले. किरणांच्या जोडीला ब्लिओमायसिन हे औषध देऊन मुखाच्या कर्करोगावर चाचण्या केल्या. किरणांचे बळ कसे वाढवावे, हाच तो जगभरचा प्रश्न. सर सी. व्ही. रामन, ज्यांच्या शोधामुळे आपण आजचा दिवस साजरा करतो, ते डॉ. शांतांच्या आजोबांचे बंधू. आणि आपल्या भागातील हिंदू हायस्कूलमध्ये शिकलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे त्यांचे मामा.

त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे : प्राणवायू वाहून नेतो तो रक्तातील हिमोग्लोबिन. रक्तक्षय असलेल्या रुग्णांत किरणोपचाराचे यश कमी दिसते, असे अनेक अभ्यासांत आढळले. मात्र रक्त वाढविणाऱ्या काही औषधांनी चाचण्यांत लाभाऐवजी अपायच झाला. म्हणून काय घ्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. किरण टप्प्याटप्प्याने देण्यामागेही हे एक कारण आहे : मधल्या काळात गुदमरलेल्या पेशींपर्यंत प्राणवायू पुन्हा पोहोचतो. त्यामुळे एकही पाळी चुकवू नये. आणि "नुसत्या प्राणवायूने कर्करोग बरा होतो" अशा जाहिरातींना भुलू नये. प्राणवायू किरणांना साथ देतो. त्यांची जागा घेत नाही.

पालकहो, या कथेत किती प्रयत्न फसले, ते पाहा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाने पुढच्याला वाट दाखवली. मुलाचे एखादे उत्तर चुकले तर रागावण्याआधी हे आठवावे. आणि मुलींच्या रक्ताची तपासणी वेळेवर करून घ्यावी. त्यासाठी आजारपणाची वाट पाहू नये.

त्या भगिनी आज या सभागृहात बसल्या आहेत. त्यांना उत्तर देण्यास मला एक वर्ष उशीर झाला, याबद्दल क्षमा मागते.