हेडफोन ॲम्प्लिफायरसाठी जुने व्हॉल्व्ह

श्रोतेहो, हेडफोन ॲम्प्लिफायरमध्ये आजही काचेचे जुने व्हॉल्व्ह वापरले जातात.

ते निवडताना आधी जुळणी पाहावी, मग आवाज.

ईसीसी ८२ आणि ईसीसी ८३ हे दोन व्हॉल्व्ह एकाच सॉकेटमध्ये बसतात.
पण ईसीसी ८३ सिग्नल कितीतरी पट जास्त वाढवतो.
म्हणजे बसला, तरी तो योग्य असेलच असे नाही.

फिलामेंटला लागणारा करंटही पाहावा लागतो.
रशियन ६एन१पी हा व्हॉल्व्ह ईसीसी ८८च्या जागी बसतो.
मात्र त्याला करंट बराच जास्त लागतो.
ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर त्यामुळे तापू शकतो.

आता काच पाहावी.
आतला चकचकीत थर पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे.
असा व्हॉल्व्ह निकामी समजावा.

काचेवरच्या छापावर मात्र फार विसंबू नये.
कंपन्या एकमेकींचे व्हॉल्व्ह आपल्या नावाने विकत असत.
आतली रचना आणि टेस्टरवरची मोजणी, हाच खरा पुरावा.

हेडफोन थेट कानाशी असतो.
त्यामुळे बारीक खरखरही जाणवते.
चालू व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून पाहावी.
कानात टणटण घुमली, तर तो व्हॉल्व्ह हेडफोनसाठी घेऊ नये.

तुलना करताना गाणे तेच ठेवावे.
आवाजाची पातळीही मोजून सारखी करावी.
किंचित मोठा आवाज सहसा अधिक चांगला वाटतो.

पुन्हा सांगायचे तर, आधी जुळणी, मग आवाज.

आणि श्रोतेहो, व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी वीज बंद करून तो पूर्ण थंड होऊ द्यावा.